साडेतीन की साडेचार

या रविवारी घड्याळ पुढे जाणार. मार्चचा शेवटचा रविवार. हॉलंडमधल्या आमच्या लायडनमध्ये हे कोणी कोणाला बजावून सांगत नाही. फोन आपापले पुढे सरकतात, स्टेशनवरची घड्याळं सरकतात आणि माणसं सोमवारी जांभया देत कामावर येतात. राहतं काय, तर आमच्या ओव्हनचं घड्याळ. ते गेल्या मार्चपासून आहे तसंच आहे, कारण कुठलं बटण किती वेळ दाबून धरायचं हे केदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दर वेळी नव्यानं शोधावं लागतं. ऑक्टोबरात त्यानं सरळ हात टेकले. "रविवारी आपोआप बरोबर होईल," असं म्हणून तो मोकळा झालाय. सहा महिने थांबलं की झालं, अशी त्याची दुरुस्तीची पद्धत.

मला मात्र गेले आठ दिवस चैन नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरते, सायकलला कुलूप लावलं की नाही ते बघायला अर्ध्या वाटेतून परत जाते. मी वाट बघतेय ती इथल्या घड्याळाची नाहीच. कराडजवळच्या आमच्या गावात बाबांच्या भिंतीवर एक घड्याळ आहे. बाबा एकटे असतात. ते घड्याळ सोमवारी किती वाजले म्हणून सांगणार, यावर माझी झोप अडकली आहे. कसं ते सांगते, पण मला सरळ सांगता येत नाही, आधीच सांगून ठेवते.

संध्याकाळ लांबायला लागली की इथली माणसं बदलतात. चार महिने जी माणसं खाली मान घालून, कोटाच्या कॉलरीत नाक खुपसून सायकली हाणत असतात, ती अचानक फुटपाथवर खुर्च्या टाकून बसायला लागतात. थंडी असते हो अजून! हात गारठलेले, पण ऊन तोंडावर आलं की डोळे मिटून बसायचं. कालव्यातल्या होड्यांवरच्या ताडपत्र्या निघतात. कुठल्यातरी खिडकीतून कांदा परतल्याचा वास येतो आणि लक्षात येतं की इतके दिवस खिडक्या उघड्याच नव्हत्या. बाहेर उजेड आहे आणि आपण घरात बसलोय, हे इथं जवळजवळ पाप समजतात. मलाही आता तसंच होतं. भांडी तशीच टाकून मी बाहेर पडते आणि बाहेर पडल्यावर कुठं जायचं ते आठवत नाही.

आणि मग तो वाद. वर्षातून दोनदा, मार्चात आणि ऑक्टोबरात, गणपती-दिवाळीसारखा न चुकता येतो. हे घड्याळ मागेपुढे करणं बंद करावं का? करायचं तर कुठली वेळ ठेवायची, उन्हाळी की हिवाळी? शेजारच्या आन्नेकेबाई, वय सत्तरीच्या पुढे, बागेतल्या मातीत हात, त्या हिवाळी पक्षाच्या. "हिवाळी हीच खरी वेळ," त्या कुंपणावरून मला सांगतात, "सूर्य डोक्यावर आला की बारा वाजावेत. उन्हाळ्यात तो डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात पावणेदोन होत आलेले असतात. ही थाप नाही तर काय?" केदार उन्हाळी पक्षाचा, कारण त्याला ऑफिसनंतर क्रिकेट खेळायचं असतं आणि काळोखात बॉल दिसत नाही. आमची ईरा नऊ वर्षांची. जूनमध्ये रात्रीचे दहा वाजले तरी सूर्य मावळत नाही, तेव्हा ती पांघरूण लाथाडून डचमध्ये भांडते, "मामा, अजून उजेड आहे!" इथली मुलं आईला मामा म्हणतात. बाबांनी पहिल्यांदा हे फोनवर ऐकलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अगं, हिला एकच मामा होता, तो बंगलोरला. हा दुसरा कुठून काढलास?"

मला कोणी विचारलं की तुझा पक्ष कुठला, तर मी म्हणते, साडेतीन. आन्नेकेबाईंना वाटतं मला अजून डच येत नाही.

म्हणजे असं. उन्हाळी वेळ असते तेव्हा आमच्यात आणि भारतात साडेतीन तासांचं अंतर असतं. हिवाळी लागली की साडेचार. आधी इथल्या लोकांना त्या अर्ध्याचंच नवल. "अर्धा तास? तो कशाला?" आता काय सांगणार, आपल्या देशाच्या घड्याळाला आहे अर्ध्या तासाचं शेपूट. पण साडेतीन हा आकडा मला पहिल्यापासून जवळचा वाटला. आपले मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, शहाणे साडेतीन, माणसाचा देहसुद्धा साडेतीन हात. साडेचारच्या नावावर काय आहे? काही नाही.

नाही म्हणायला माझी एक फजिती आहे. पहिल्या वर्षी इथल्या हाउसआर्ट्सची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, वेळ घेतली. फोनवरच्या बाईंनी सांगितलं, "हाल्फ फैफ." हाल्फ म्हणजे अर्धा, फैफ म्हणजे पाच. पाच आणि वर अर्धा, साडेपाच. मराठी माणसानं यात शंका काय घ्यायची? मी साडेपाचला ऐटीत जाऊन पोचले तर आतली बाई दिवे मालवत होती. हाल्फ फैफ म्हणजे साडेचार. पाचाकडे निघालेलं, अर्ध्या वाटेत असलेलं. आपण पावणेपाच म्हणताना पुढच्या पाचाकडे बघतो ना, हे लोक अर्ध्यालासुद्धा तसंच पुढे बघतात. "तुम्ही एक तास उशिरा आलात," बाई म्हणाली. आज माझी नोकरी नेमकी त्याच हाल्फ फैफला सुटते. सायन्स पार्कातल्या एका लॅबमध्ये मी पेशी वाढवते. हातात मोजे, अंगावर कोट, आत फोन न्यायची बंदी. साडेचारला कोट उतरवायचा, सायकल काढायची, पुलापलीकडच्या बाकावर बसायचं आणि बाबांना फोन लावायचा. उन्हाळ्यात तेव्हा गावाला आठ वाजलेले असतात.

आठ ही बाबांच्या जेवणाची वेळ. "आठला पान, साडेआठला पाठ" हे त्यांचं ब्रीद. आठला पानावर बसायचं आणि साडेआठला पाठ टेकायची. आई गेल्यापासून पानावर समोर कोणी नसतं. सुलभाकाकू, आमच्या शेजारच्या, डबा आणून ठेवतात आणि जातात. म्हणून मी समोर बसते. बाबा फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवतात. मला त्यांची हनुवटी, अर्धा चष्मा आणि मागचं भिंतीवरचं घड्याळ दिसतं. भाकरी मोडल्याचा आवाज येतो. इकडे माझ्यासमोर कालव्यातनं बदकं जात असतात. बोलायला रोज असतं काय? "मेथी खारट झालीये." "मग ताक घ्या." एवढंच. पण त्या अर्ध्या तासाला मी कोणाला हात लावू देत नाही. हिवाळ्यात साडेचारला गावी नऊ वाजलेले असतात, बाबा झोपलेले असतात, आणि आठवड्यातले पाच दिवस ते एकटे जेवतात. शनिवार-रविवारचं सोडा. म्हणून आन्नेकेबाई हिवाळी वेळ कायमची करा म्हणतात ना, तेव्हा मला त्या मेथीच्या पानासमोरून कोणीतरी हात धरून उठवतंय असं वाटतं. त्यांना हे मी अजून बोलून दाखवलेलं नाही.

आमच्या बाबांना वेळेचं काय कळतं म्हणून कोणी विचारेल. तर बाबा एकतीस वर्षं आमच्या गावच्या नगरपालिकेत होते आणि गावाचा भोंगा वाजवायचं काम त्यांच्याकडे होतं. सकाळी सात, दुपारी बारा आणि रात्री साडेआठ. गच्चीवर भोंगा आणि खाली एका अंधाऱ्या खोलीत त्याचा खटका. रेडिओवर बातम्यांच्या आधी पिपपिप होतं, त्यावर बाबा रोज सकाळी मनगटावरचं घड्याळ लावून घ्यायचे. मग त्या घड्याळावर गाव चालायचं. बाराच्या भोंग्याला आमची मधली सुट्टी व्हायची, बायका भात टाकायच्या, शिंपी मशीनवर कापड झाकून घरी जायचा. रात्रीच्या भोंग्याला दुकानांच्या फळ्या लागायच्या. मला लहानपणी खरोखर वाटायचं की बाबांनी खटका दाबला म्हणून बारा वाजतात.

एकदा गावातल्या एका मोठ्या घरचं लग्न होतं, बारा वाजताचा मुहूर्त. नवरदेवाचा पाय काही घोड्यावरून खाली येईना. त्यांचा माणूस धावत नगरपालिकेत. "जरा दहा मिनिटं भोंगा थांबवा. भोंगा झाला की मुहूर्त टळला असं लोक म्हणणार." बाबा म्हणाले, "लग्न थांबवा. बारा कसे थांबवू?" आणि बाराला खटका दाबला. त्यावर पुढे बरीच बोलाचाली झाली. आईसुद्धा चिडली होती, दहा मिनिटांनी काय आभाळ कोसळणार होतं? बाबा म्हणाले, "म्हातारी मेल्याचं दुःख नाही गं, काळ सोकावतो." मी तेव्हा पाचवीत असेन. ती म्हण भोंग्यासाठीच केलेली आहे असं मी कितीतरी वर्षं समजत होते.

अशा माणसाला मी इथून पहिल्यांदा सांगितलं की आमच्याकडे घड्याळ वर्षातून दोनदा फिरवतात.

"कोणाचं घड्याळ?"

"सगळ्या देशाचं, बाबा."

"आणि फिरवून काय उजेड पाडला?"

"उजेडच पाडला! संध्याकाळी एक तास जास्त मिळतो."

"अगं, मग सकाळचा गेला की. पाटाचं पाणी या वाफ्याचं त्या वाफ्याला वळवलंत, विहीर कुठं वाढली?" आणि मग पुढची कितीतरी वर्षं हा त्यांचा चेष्टेचा विषय. मी उशिरा फोन केला की, "काय, सरकारनं पुन्हा घड्याळ फिरवलं वाटतं?" रोज फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला, "तुमच्याकडे किती वाजले?" मी म्हणायचे साडेचार. "साडेचार आणि साडेतीन, आठ," असं ते लगेच बोटांवर न मोजता सांगायचे, आणि घास घ्यायचे.

गेल्या वर्षीचा उन्हाळा मला त्या बाकासकट आठवतो. लाकूड तापलेलं असायचं. समोरच्या काठावर पोरं कपड्यांसकट पाण्यात उड्या मारायची आणि बाबा विचारायचे, "ही कोण ओरडतायत?" मी फोन फिरवून दाखवायचे. "अरे, यांना कोणी आई-बाप आहेत की नाही!" जुलैत एकदा मी पिशवीतनं चेरी काढून खात होते, ते भाकरी खात होते, आणि दोघंही काही बोलत नव्हतो. फार सुख वाटलं होतं तेव्हा. असं सरळ सांगायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

ऑक्टोबर जवळ यायला लागला तशी माझी चुळबुळ सुरू झाली. या वेळी मी एक बेत केला. बॉसला सांगून कामाची वेळ एक तास अलीकडे घेतली. साडेसातला सुरू, साडेतीनला मोकळी. साडेतीनला गावी आठ! माझ्यापुरती मी उन्हाळी वेळ चालूच ठेवणार होते, सरकार गेलं खड्ड्यात. बाबांना मुद्दाम सांगितलं नाही. शनिवारी फक्त एवढंच बोलले, "बाबा, उद्यापासून आमचं घड्याळ एक तास मागे." ते म्हणाले, "हो, आलं ध्यानात."

सोमवारी अर्धवट काळोखात सायकल काढली, आठ तास काम केलं, साडेतीनला बाकावर बसून फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. आठ वाजलेत, पान वाढलेलं असणार, बरणीला फोन टेकवलेला असणार, मग उचलत का नाहीत? तिसऱ्यांदा. पाचव्यांदा. माझ्या डोळ्यांसमोर बाथरूमच्या ओल्या फरशा यायला लागल्या. दहाव्या वेळेनंतर मी सुलभाकाकूंना फोन केला. त्या चपला न घालताच पळाल्या असाव्यात, कारण दारात पोचेपर्यंत त्यांचं "आई गं, आई गं" ऐकू येत होतं. "दार नुसतं लोटलंय गं. आत नाहीत. फोन इथंच चार्जिंगला आहे. आता आठ वाजून गेल्यावर हे गृहस्थ गेले कुठं?" मी बाकावरून उठले, बसले, पुन्हा उठले. एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, ती थांबून बरं आहे ना म्हणून विचारून गेली.

वीस मिनिटांनी बाबा आले. नेहमीची फेरी मारून, छत्रीची काठी करून, सावकाश. काकूंनी त्यांना झापायला सुरुवात केली तर ते भिंतीकडे बोट करून म्हणाले, "सात तर वाजून गेलेत नुसते. मंजूचा फोन आठला येतो. त्यांनी घड्याळ मागे केलं ना, म्हणून मीही माझं मागे घेतलं. नाहीतर तिचा फोन नऊला यायचा आणि मी झोपलेला."

मी हसत होते की रडत होते कोण जाणे. मी त्यांच्यासाठी एक तास पुढे आले होते, ते माझ्यासाठी एक तास मागे गेले होते, आणि आमची चुकामूक झाली होती. ज्या माणसानं नवरदेवासाठी दहा मिनिटं दिली नाहीत त्यानं माझ्यासाठी अख्खा तास दिला! मी ही गोष्ट लॅबमध्ये सगळ्यांना सांगितली, आन्नेकेबाईंना सांगितली. त्यांनी डोळे पुसले आणि तरीही हिवाळी वेळच खरी म्हणाल्या.

मी बाबांना म्हटलं, घड्याळ पहिल्यासारखं करा, मी लवकर सुटते. ते म्हणाले, "तू कशाला अंधारात जातेस? राहू दे. एक तासानं माझं काय अडतंय?" आणि मी राहू दिलं. खरं सांगते, आठवड्याभरातच मला त्या साडेसातचा कंटाळा आला होता. ईराचा डबा, शाळा, सगळं केदारच्या गळ्यात पडत होतं आणि तो बोलत नसला तरी भांडी जोरात ठेवत होता. मी आपली पुन्हा हाल्फ फैफवर आले. बाबा गावाच्या एक तास मागे राहायला लागले आणि मला ते गोड वाटत राहिलं. त्याची आता लाज वाटते.

या हिवाळ्यात मी अंधारातल्या बाकावर बसायचे. चेहरा दिसावा म्हणून दिव्याच्या खांबाखाली सरकायचे. पलीकडे बाबा त्यांच्या आठला जेवायचे. मधेमधे काहीबाही कानावर यायचं. दूधवाला हाका मारून परत गेला. बँकेत गेले तर शटर खाली. सकाळची गोळी एकदा दोनदा झाली. "अगं, घड्याळ मागे आहे ना," बाबा म्हणायचे. सुलभाकाकूही तेच म्हणायच्या. गावातली माणसंसुद्धा कौतुकानं हसायची, यांची वेळ हॉलंडची आहे म्हणून. मीही तेच म्हणायचे. एवढं सोयीचं उत्तर होतं ते.

जानेवारीतल्या एका रविवारी काकूंचा फोन आला. त्या चुगली करणाऱ्या नाहीत. बराच वेळ हवापाणी झालं, ईराची चौकशी झाली. मग म्हणाल्या, "मंजू, एक तासाचा फरक असता तर मी समजून घेतलं असतं गं. परवा तुझे बाबा दुपारी दोनला आंघोळीचं पाणी तापवत होते. सकाळ आहे म्हणाले."

तेव्हापासून माझं असं झालंय. बाबांनी घड्याळ मागे घेतलं ते माझ्यासाठी, की त्यांच्या हातून वेळच सुटत चालली आहे? ते प्रेम होतं की आजार होता? मी गेल्या वर्षातले सगळे फोन मनात उलटेपालटे करून बघते. "तुमच्याकडे किती वाजले?" हे ते अजून रोज विचारतात. पण पुढची बेरीज? मी म्हणायचे साडेचार, ते म्हणायचे, "म्हणजे आमच्याकडे..." आणि थांबायचे, आणि मीच लाडात येऊन म्हणायचे, "तुमच्या घड्याळात आठ!" मला वाटायचं आमचा खेळ चाललाय. आता आडून आडून विचारते, बाबा, आज वार कुठला? "तुमच्याकडे कॅलेंडर नाही का गं?" म्हणतात. जेवण काय होतं? "तूच ओळख." हुशार माणूस. पकडीत येत नाही.

केदार म्हणतो, असं इथून चाचपत बसण्यापेक्षा जाऊन ये, डॉक्टरला दाखव. मेच्या सुट्टीचं तिकीट काढलंय. पण तोवर हा रविवार आहे. मी त्यांना या वेळी काही सांगितलेलं नाही. आमचं घड्याळ पुढे जातंय, तुमचंही पुढे घ्या, यातलं अक्षर नाही. आठवण ठेवून त्यांनी आपणहून पुढे घेतलं, तर ऑक्टोबरातलं ते माझ्यासाठी होतं. नाही घेतलं, तर सोमवारी मी फोन करीन तेव्हा त्यांच्या भिंतीवर सात वाजलेले असतील आणि ते छत्री घेऊन फिरायला गेलेले असतील. बापाची परीक्षा घेणारी मी कोण? हेही कळतं मला. तरी घेतेय. नीट उत्तर मिळालं तर मी रात्री झोपू शकेन, एवढाच स्वार्थ.

इथपर्यंत शुक्रवारी लिहिलं होतं. पुढचं आज, सोमवारी लिहितेय.

आज दिवसभर ऊन होतं. साडेचारला बाहेर आले तर काठावर माणसंच माणसं, माझा बाक कोणीतरी घेतलेला. दोन शिकणारी मुलं पाय पसरून बसली होती. मी त्यांच्या शेजारी अंग चोरून बसले. फोन लावला. सगळ्या कालव्यावर उजेड होता, सगळी माणसं खूश होती आणि मला कोणाचंही तोंड बघवत नव्हतं. एकदा वाजला. दोनदा वाजला.

उचलला! हनुवटी दिसली, अर्धा चष्मा दिसला. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या मुलाचा दंडच धरला. "बाबा! घड्याळ पुढे घेतलंत ना?"

"घड्याळ?" बाबा म्हणाले. "काढून ठेवलं ते."

त्यांच्या मागे भिंत होती. खिळा होता आणि त्याखाली रंगाचा एक स्वच्छ गोल.

"का हो?"

त्यांनी समोरचा डबा उगाच सरळ केला. "काटे दिसतात गं. वेळ कळत नाही. कधी उमगते, कधी नाही."

"कधीपासून?"

"गणपतीपासून असेल. तुला काय सांगायचं? मग तूच म्हणालीस, तुमचं मागे जाणार. म्हटलं, बरं झालं. मोठ्या काट्याचा एक उलटा फेरा, तेवढं हाताला येतं. तुझा फोनही मिळाला आणि चुकलं की लोकांना सांगायला कारणही झालं." मग जरा हसले. "एकतीस वर्षं भोंगा वाजवलेला माणूस. कोणाला विचारू, किती वाजले म्हणून?"

मी मूर्खासारखं विचारलं, "मग आज फिरायला नाही गेलात?"

"नाही. दुपारपासून इथंच बसलोय. फोन आला की आठ, असं ठरवलंय. आधी आला, नंतर आला, तुमच्या सरकारनं काय वाटेल ते केलं, तरी फोन आला की आठ. चालेल ना?"

काकूंचा डबा त्यांच्यासमोर न उघडलेला होता. ते माझ्याकडे बघत होते, मी सांगायची वाट बघत.

"आठ वाजले, बाबा," मी म्हटलं. "जेवायला बसा."